गरोदरपणातली शुगर टेस्ट: कधी करायची, कशी करायची, आणि रिपोर्ट हातात आला की पुढे काय

मी लॅबमध्ये काम करते, रक्त घेणं आणि रिपोर्ट काढणं हेच दिवसभर चालू असतं, आणि गरोदर बायकांच्या फायली बघताना एक गोष्ट मला सारखी खटकते. फाइलमध्ये हिमोग्लोबिन असतं, थायरॉइड असतं, एचआयव्ही, कावीळ, लघवीची तपासणी सगळं असतं, आणि शुगरच्या जागी लिहिलेलं असतं फास्टिंग ८४ किंवा नुसतं रँडम (कधीही घेतलेल्या रक्ताचं) १०२. ताई म्हणते माझी शुगर झालीय, नॉर्मल आहे. पण गरोदरपणातल्या डायबिटीससाठी जी टेस्ट करायला हवी ती झालेलीच नसते. त्या टेस्टमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं असतं आणि २ तासांनी रक्त द्यायचं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांची उपाशीपोटीची शुगर अगदी छान असते आणि खाल्ल्यानंतरची चढते, त्यामुळे नुसत्या फास्टिंगवर विसंबून राहिलं की नेमक्या ह्याच बायका सुटून जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, दिवस गेलेल्या ताईंसाठी, आणि त्यांच्या सोबत येणाऱ्या नवऱ्यासाठी, आईसाठी, सासूबाईंसाठी पण.

आधी हे होतं कशामुळे ते थोडक्यात. बाळाची वार म्हणजे प्लासेंटा जसजशी वाढते तसतसे तिच्यातून काही हार्मोन्स सुटतात आणि ते आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. बहुतेक जणींचं शरीर जास्तीचं इन्सुलिन बनवून हे भरून काढतं, काही जणींना ते जमत नाही आणि शुगर वाढते. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला लागतं आणि त्याने ते प्रमाणाबाहेर वजनदार होतं, डिलिव्हरीत खांदे अडकू शकतात, सिझेरियनची वेळ येऊ शकते, गर्भजल वाढतं, आईचं बीपी वाढायची शक्यता वाढते. आणि जन्मल्यावर नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम बंद होते पण बाळाचं इन्सुलिन चालूच असतं, त्यामुळे त्याची शुगर धाडकन खाली जाऊ शकते. हे सगळं चालू असताना आईला काहीही जाणवत नाही. तहान लागणं, सारखी लघवी होणं हे गरोदरपणात तसंही होतंच. त्यामुळे त्रास होत नाही मग टेस्ट कशाला, हा विचार इथे चालत नाही.

अजून एक वाक्य रोज ऐकते, आमच्या घरात कोणालाच शुगर नाही. घरात डायबिटीस असणं, वजन जास्त असणं, पीसीओडी, आधीचं बाळ खूप वजनाचं असणं, आधी पोटातच बाळ दगावलेलं असणं, ह्या सगळ्याने धोका वाढतो हे खरंय, पण ह्यातलं काहीच नसलेल्या सडपातळ, तेवीस वर्षांच्या मुलीचीही टेस्ट पॉझिटिव्ह येते. म्हणूनच केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या नियमावलीत (ती २०१४ ची, नंतर २०१८ मध्ये सुधारलेली) प्रत्येक गरोदर बाईची टेस्ट करा असं स्पष्ट सांगितलंय, धोका असलेल्याच निवडा असं नाही.

कधी करायची

दोनदा. पहिली टेस्ट पहिल्याच भेटीत, म्हणजे दिवस गेलेत हे कळून तुम्ही दवाखान्यात नाव नोंदवता तेव्हा. ती नॉर्मल आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये, म्हणजे साधारण सहावा संपताना ते सातव्यात. दोन टेस्टमध्ये निदान ४ आठवड्यांचं अंतर हवं. कोणी उशिरा नाव नोंदवलं, २८ आठवडे उलटून गेलेत, तरी एकदा करायचीच, आता काय उपयोग म्हणून सोडायची नाही. आणि ज्यांना आधीपासूनच डायबिटीस आहे हे माहितीये त्यांना ही टेस्ट लागत नाही, त्यांचे उपचार थेट सुरू असतात.

इथे एक गंमत नाही, खरी अडचण सांगते. पहिली टेस्ट होते, नॉर्मल येते, आणि दुसरी राहून जाते, कारण सातव्या महिन्यात डोहाळजेवण असतं, मग माहेरी जायचं असतं, तिथे दवाखाना नवा, डॉक्टर नवे, ते फाइल बघतात, शुगर नॉर्मल दिसते आणि पुढे जातात. पण हार्मोन्सचा खरा जोर २४ आठवड्यांनंतरच वाढतो, त्यामुळे दुसरी टेस्ट जास्त महत्त्वाची आहे असं माझं मत आहे. पाळीच्या शेवटच्या तारखेपासून २४ आठवडे मोजा आणि ती तारीख आत्ताच माता-बाल संरक्षण कार्डावर पेन्सिलने लिहून ठेवा, आशाताईंना पण सांगून ठेवा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी मोफत होते, तेव्हा शुगरचं विचारा. नुसतं शुगर करा म्हणू नका, ग्लुकोज पिऊन २ तासांची करायचीय असं म्हणा, ह्या एका वाक्याने फरक पडतो.

उपाशी जायचं की खाऊन

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि गोंधळही इथेच आहे, कारण आपल्याकडे दोन प्रकारे टेस्ट होते.

एक प्रकार आहे डिप्सीचा (डिप्सी म्हणजे गरोदरपणातल्या डायबिटीसचा अभ्यास करणारा भारतातला डॉक्टरांचा गट), सरकारी दवाखान्यात हाच वापरतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या गटाने तो आपल्याकडची परिस्थिती बघून पुढे आणला, त्यांचा जन्मदिवस १० मार्च हा देशात गरोदरपणातल्या डायबिटीसच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. ह्यात उपाशी यायची गरज नाही. शेवटचं कधी खाल्लं ह्याने काही अडत नाही, ग्लुकोज प्यायचं आणि बरोबर २ तासांनी एकदाच रक्त. १४० किंवा त्याच्या वर आलं (आपल्याकडे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात) की निदान झालं. ज्या बाईला दोन एसट्या बदलून दवाखान्यात यावं लागतं तिला पोटुशी असताना उपाशी ये, उद्या परत ये असं सांगितलं तर ती येतच नाही, म्हणून ही पद्धत आहे आणि मला ती मनापासून पटते.

दुसरा प्रकार बऱ्याच खासगी डॉक्टरांकडे असतो, त्यात रात्रभर निदान ८ तास उपाशी राहायचं, सकाळी आधी उपाशी रक्त, मग तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज, मग १ तासाने आणि २ तासांनी रक्त. तीन सॅम्पल. ह्याचे आकडे वेगळे आहेत: उपाशी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३. तिन्हीतला एक जरी आकडा तेवढा किंवा त्याहून जास्त आला तरी पॉझिटिव्ह धरतात. ह्या प्रकाराआधी दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, टेस्ट आहे म्हणून भात-पोळी बंद करून यायचं नाही, त्याने उलट रिझल्ट चुकतो. साधं पाणी प्यायला चालतं.

तर डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की तिथेच विचारून घ्या, उपाशी यायचं का, किती वेळा रक्त घेणार. चिठ्ठीवर नुसतं ओजीटीटी (ग्लुकोज पाजून करायची टेस्ट) लिहिलेलं असतं आणि लॅबवाला एक समजतो, पेशंट दुसरं.

टेस्टच्या दिवशी

सकाळची वेळ घ्या, सोबत कोणीतरी असू द्या, आणि सव्वादोन-अडीच तास काढायचेत हे धरून या. पोराला शाळेतून आणायचंय म्हणून मध्येच उठून जाणाऱ्या ताया मी बघितल्यात, मग सगळं वाया.

ग्लुकोज ७५ ग्रॅम मोजून हवं, ३०० मिली पाण्यात. सरकारी ठिकाणी ७५ ग्रॅमची तयार पाकिटं असतात. बाहेर काही ठिकाणी दुकानातून ग्लुकोजचा डबा घेऊन यायला सांगतात, तेव्हा साधं, बिनचवीचं घ्या, संत्रं-लिंबू चवीच्या डब्यात बऱ्याचदा ग्लुकोजसोबत आपली नेहमीची साखरही असते. आणि चमच्याने अंदाजे टाकू देऊ नका. ह्यात एक बारकावा आहे तो लॅबवाल्यांनी तरी लक्षात ठेवायलाच हवा, ७५ ग्रॅम हा आकडा पाणी नसलेल्या ग्लुकोजचा आहे, मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेल्या) प्रकारचं असेल तर तेच ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. पाकिटावर लिहिलेलं असतं. तुम्ही नुसतं विचारलंत की ताई, मोजून घेतलंय ना, तरी समोरचा सावध होतो.

पाणी गार असेल तर पिणं सोपं जातं. पहिले दोन-तीन घोट ठीक जातात, मग जीभ चिकट होते, घशाशी येतं आणि ग्लास अजून अर्धा भरलेला असतो, इथे बऱ्याच जणी थांबतात. एकदम गटागटा पिऊ नका आणि अर्धा तास पुरवत पण बसू नका, ५ ते १० मिनिटांत संपवायचं. लिंबाचे चार थेंब पिळायचे असतील तर आधी लॅबला विचारा, काही ठिकाणी चालतं म्हणतात. वेळ पहिल्या घोटापासून मोजायची, ती कागदावर लिहून घ्या, मोबाइलवर अलार्म लावा. लॅबमध्ये गर्दी असली की दोनचे अडीच तास होतात आणि तोवर शुगर उतरलेली असते, त्यामुळे वेळ झाली की स्वतः उठून काउंटरवर जाऊन सांगा, त्यात लाजायचं काही नाही.

उलटी झाली तर? प्यायल्यापासून ३० मिनिटांच्या आत झाली तर ती टेस्ट सोडायची, दुसऱ्या दिवशी परत करायची. ३० मिनिटांनंतर झाली तर टेस्ट चालू ठेवायची. मात्र लपवू नका. बायका बाथरूममध्ये जाऊन उलटी करून येतात आणि सांगत नाहीत, परत प्यावं लागेल ह्या भीतीने, आणि मग रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो.

त्या २ तासांत बसून राहायचं. चहा नाही, बिस्कीट नाही, बडीशेप-सुपारी पण नाही, आणि वेळ जात नाही म्हणून बाजारात चक्कर मारायची नाही कारण चालल्याने शुगर खाली येते. पाण्याचे एक-दोन घोट चालतात.

रक्त बोटातून ग्लुकोमीटरवर घेणार असतील तर आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. हे मी जोर देऊन सांगतेय, ग्लुकोजचा ग्लास धरलेल्या बोटांना साखर चिकटलेली असते आणि तेवढ्याने आकडा वर दाखवतो. स्पिरिट लावलं असेल तर ते सुकू द्या. स्ट्रिपची तारीख उलटलेली नसावी आणि डबी नीट बंद असावी, कोकणात पावसाळ्यात उघड्या डबीतल्या स्ट्रिप दमट होऊन खराब होतात. रक्त शिरेतून घेणार असतील तर राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं जातंय ना बघा. त्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि दर तासाला ५ ते ७ टक्के शुगर कमी होत जाते. गावातलं सॅम्पल शहरात पाठवायचं असेल, सकाळी घेतलेलं दुपारी पोचणार असेल, तर १४८ चं १३० होऊन बाई नॉर्मल ठरू शकते. फ्लोराइडने पण पहिल्या तास-दोन तासांत ही घट पूर्ण थांबत नाही, म्हणून सॅम्पल शक्य तितक्या लवकर तपासलेलं बरं.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी: नुकतंच बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल (त्याने काही दिवस शुगर वाढलेली असते), पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन (शुगर कमी करणारी गोळी) चालू असेल, किंवा वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालं असेल. ऑपरेशनवाल्यांना ग्लुकोज पाजायची टेस्ट बहुधा देत नाहीत, दुसऱ्या पद्धतीने बघतात. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि हो, एवढी साखर बाळाला बाधेल का, ह्याची काळजी आजी लोकांना फार असते. एकदा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्याने डायबिटीस होत नाही, ते तासाभरात चढतं आणि मग उतरतं.

लघवीत साखर नाही म्हणजे झालं, असं पण धरू नका. गरोदरपणात शुगर नॉर्मल असूनही लघवीत साखर दिसू शकते आणि वाढलेली असूनही दिसत नाही. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) पण ह्या कामाला पुरत नाही, कारण गरोदरपणात रक्तपेशी लवकर बदलतात आणि आपल्याकडे ॲनिमिया इतका आहे की आकडा फसवतो. पहिल्या तीन महिन्यांत जुना डायबिटीस आहे का हे बघायला तो उपयोगी पडतो, २४ आठवड्यांच्या टेस्टची जागा तो घेऊ शकत नाही.

रिपोर्ट वाचताना

आधी बघा कुठली टेस्ट झालीय, मग आकडा. उदाहरणार्थ २ तासांचा आकडा १४६ आलाय. डिप्सीने हा पॉझिटिव्ह, आणि तीन सॅम्पलवाल्या पद्धतीत १५३ च्या खाली म्हणून, बाकीचे दोन आकडे ठीक असतील तर, नॉर्मल. एका डॉक्टरांनी हो म्हटलं, दुसऱ्यांनी नाही, म्हणून लोक लॅबवर भडकतात, पण दोघांचे निकष वेगळे आहेत. अशा मधल्या आकड्याला मी तरी म्हणेन की खाण्यात बदल सुरू करा आणि डॉक्टरांना विचारून १५ दिवसांनी जेवणानंतरची शुगर बघा, त्यात नुकसान काहीच नाही. २ तासांचा आकडा २०० च्या वर किंवा उपाशीचा १२६ च्या वर असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, हा बहुतेक आधीपासूनचा डायबिटीस असतो.

परदेशात असणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडंसं. इंग्लंडमध्ये आकडे मिलिमोलमध्ये येतात, त्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो, ७.८ म्हणजे १४०. तिथे टेस्ट सगळ्यांना देत नाहीत, धोका बघून देतात, पण दक्षिण आशियाई असणं हाच एक धोका धरतात, त्यामुळे पहिल्या भेटीत मिडवाइफने काढलं नाही तर तुम्ही विषय काढा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी ५० ग्रॅमची तासाभराची टेस्ट असते, उपाशी राहायची गरज नसते, त्यात आकडा वर आला तर १०० ग्रॅमची ३ तासांची, तिला उपाशी जायचं. पहिली वर आली म्हणजे डायबिटीस झाला असं नाही, दुसरीवर ठरतं.

पॉझिटिव्ह आली तर

रडू नका, आणि घरच्यांनी तिला तू गोड खाल्लंस म्हणून झालं असं अजिबात म्हणू नका. हे वारेच्या हार्मोन्समुळे होतं.

पहिले २ आठवडे बहुतेक जणींना फक्त आहार आणि चालणं ह्यावर ठेवतात. उपाशी राहायचं नाही, जेवण कमी करून वजन उतरवायचं नाही, बाळ वाढायचंय. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी अशी वाटणी करा. ताटात भाताचा डोंगर असतो तो मूठभर करा, ज्वारीची भाकरी किंवा पोळी मोजून, त्याच्यासोबत उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, काकडी-टोमॅटो, ताक, खात असाल तर अंडं-मासे. चहा-खारी, चहा-टोस्ट बंद. फळ अख्खं खा, ज्यूस नको. साखरेऐवजी गूळ हा उपाय नाही, गुळाने पण शुगर तशीच चढते, आणि शहाळ्याचं पाणी दिवसाला दोन-तीनदा पिणाऱ्यांनी पण ते कमी करा. उपवास हा मोठा मुद्दा आहे, साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वरीचे तांदूळ, ह्याने शुगर किती उडते ते ग्लुकोमीटरवर एकदा बघाल तर विश्वास बसणार नाही. हे नऊ महिने उपवास सोडा, देव समजून घेतो. प्रत्येक जेवणानंतर १०-१५ मिनिटं घरातल्या घरात, अंगणात चाला, डॉक्टरांनी आराम सांगितला नसेल तर.

मग जेवणानंतर २ तासांची शुगर बघतात. १२० च्या खाली पाहिजे. घरी मीटर असेल तर उपाशी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० च्या खाली, हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा, आणि रीडिंग वहीत तारीख-वेळ-काय खाल्लं ह्यासकट लिहा. नुसते आकडे लिहून आणले की डॉक्टरांना काहीच कळत नाही, शेजारी पोहे लिहिलेलं असलं की लगेच कळतं. दोन आठवड्यांनी पण वरच राहिली तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनला घाबरून बायका दवाखाना बदलतात, कृपा करून असं करू नका. ते वारेतून बाळाकडे जात नाही, आणि बहुतेक जणींचं डिलिव्हरीनंतर बंदच होतं. इन्सुलिन घेताना शुगर खाली जाऊ शकते, हात थरथरणं, घाम, चक्कर, तेव्हा लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्या आणि मग काहीतरी खा. ही माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी.

डिलिव्हरी अशा ठिकाणी ठरवा जिथे बाळाची शुगर तपासता येते. जन्मल्यावर तासाभराच्या आत अंगावर पाजायला घ्या, मध, साखरपाणी चाटवायचं नाही. बाळाची शुगर पहिल्या दिवशी काही वेळा टाचेतून टोचून बघतात, तेव्हा नातेवाईक चिडतात, चिडू नका, ते त्याच्याच भल्यासाठी आहे.

६ आठवड्यांनंतरची टेस्ट

ही सगळ्यात जास्त राहून जाते. बाळंतपणानंतर शुगर आपोआप उतरते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय संपतो. पण अशा बाईला पुढे कायमचा डायबिटीस व्हायची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून ६ आठवड्यांनी परत ७५ ग्रॅमची टेस्ट करायची, ह्या वेळी उपाशी जाऊन. आता नेहमीचे निकष लागतात: २ तासांची १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ म्हणजे काठावर, २०० किंवा वर म्हणजे डायबिटीस, उपाशीची १२६ किंवा वर असली तरी डायबिटीस.

बाळंतीण माहेरी असते, रात्रीची झोप नसते, तिला स्वतःच्या टेस्टसाठी वेगळा दिवस काढणं जमत नाही हे मला दिसतं. त्यावर सोपा मार्ग असा की बाळाची दीड महिन्याची लस असते, पेंटाव्हॅलंट आणि पोलिओची, त्याच दिवशी आईने सकाळी उपाशी यायचं, बाळाला लस देईपर्यंत आणि पाजेपर्यंत तिचे २ तास होतात. लसीकरणाच्या सिस्टरना आधी फोन करून सांगून ठेवा. आजीला सोबत न्या म्हणजे बाळाला धरायला कोणी असेल. नॉर्मल आली तरी त्यानंतर दरवर्षी एकदा शुगर बघायची, आणि पुढच्या वेळी दिवस गेले की डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की मागच्या वेळी शुगर होती, ती जुनी फाइल सोबत घेऊन जायचं.